मुलांसमोरचा तो रकाना काढून टाका: शिक्षक प्रशिक्षणाचे घटकसंच लिहिणाऱ्यांना खुले पत्र

शिक्षक प्रशिक्षणाचे घटकसंच (मॉड्यूल) लिहिणारे तज्ज्ञ आणि ते आमच्यापर्यंत पोहोचवणारे सुलभक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते पाचवीचे वर्ग, शिक्षक दोन, खोल्या तीन आणि त्यातली एक पोषण आहाराच्या तांदळाने अडवलेली. पत्र लिहिण्याचं कारण एक प्रपत्र आहे. मागच्या प्रशिक्षणात ते आम्हा सगळ्यांच्या हातात पडलं. डावीकडे मुलांची नावं, पुढे तीन रकाने: दृक, श्राव्य, कृतिशील. प्रत्येक मुलाच्या नावासमोर कुठल्या तरी एका रकान्यात खूण करायची आणि त्यानुसार अध्यापनाचं नियोजन करायचं. जेवणाच्या सुट्टीनंतर त्याच मुलांची आठ बुद्धिमत्तांमध्ये वाटणी करायची होती. मुलं वेगवेगळी असतात, सगळ्यांना एकाच काठीने हाकू नका, हे सांगण्यासाठी तो दिवस होता. हेतूबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या रकान्यांबद्दल, आणि ते पुढच्या घटकसंचातून काढून टाकावेत एवढ्यासाठी हे पत्र आहे.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा, कारण त्या दिवशी सकाळचं सत्र आणि दुपारचं सत्र एकाच गोष्टीचे दोन भाग असल्यासारखे मांडले गेले. ते तसे नाहीत. बहुविध बुद्धिमत्तांचा सिद्धांत हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडला. भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक, अवकाशीय, शारीरिक, इतरांना ओळखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची, अशा सात बुद्धिमत्ता त्यात होत्या. निसर्गाविषयीची आठवी नंतर आली. गार्डनर यांनी मेंदूला इजा झालेल्या रुग्णांसोबत काम केलं होतं, आणि एक क्षमता गेली तरी दुसरी शाबूत राहू शकते हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं बुद्धी कशाची बनलेली असते याबद्दल होतं. मुलाला कुठल्या वाटेने शिकवावं याबद्दल ते नव्हतं.

‘दृक-श्राव्य-कृतिशील’ हा दुसऱ्याच घरचा पाहुणा. अध्ययनशैलीची अशी वर्गीकरणं अनेकांनी केली. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांचं, १९८७ च्या सुमाराचं. त्यात पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून असे चार प्रकार होते. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासकांच्या एका गटाने अशा प्रारूपांची मोजदाद केली तेव्हा ती ७१ भरली. एकाच मुलाचे ७१ पद्धतींनी प्रकार पाडता येत असतील, तर प्रकार मुलात आहेत की पाडणाऱ्याच्या डोक्यात, असा प्रश्न कुणालाही पडावा.

गार्डनर यांनाही ही सरमिसळ इतकी खटकली की २०१३ मध्ये त्यांनी जाहीर लेख लिहून सांगितलं: बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे अध्ययनशैली नव्हे. शिक्षकांना त्यांनी तीन गोष्टी सुचवल्या. जमेल तितकं प्रत्येक मुलाला ओळखून शिकवा. महत्त्वाचा आशय एकाच मार्गाने न शिकवता अनेक मार्गांनी शिकवा. आणि ‘शैली’ हा शब्द सोडून द्या. आमच्या घटकसंचात गार्डनर यांचा फोटो होता, आठ पाकळ्यांचं रंगीत फूल होतं, पण ही तिसरी सूचना कुठेच नव्हती.

आता पुरावा. ‘दृक’ मुलाला चित्रांतून आणि ‘श्राव्य’ मुलाला ऐकवून शिकवलं तर ती जास्त शिकतात, हा दावा तपासणं अवघड नाही. मुलांचे प्रकार ठरवा. प्रत्येक प्रकारातल्या अर्ध्या मुलांना त्यांच्या ‘शैली’ने शिकवा, अर्ध्यांना विरुद्ध शैलीने. मग सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. जुळलेल्या शैलीने शिकलेली मुलं दोन्हीकडे पुढे गेली, तर दावा खरा. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन या कसोटीवर घासून पाहिलं. एवढ्या मोठ्या साहित्यात या पद्धतीने केलेले अभ्यास मुळात मोजकेच निघाले, आणि त्यातल्या काहींचे निष्कर्ष दाव्याच्या उलटच होते. शाळांनी यावर वेळ आणि पैसा खर्च करावा इतका आधार नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. मुलांना आवडनिवड नसते असं त्यांनी म्हटलेलं नाही. कुणाला ऐकायला आवडतं, कुणाला चित्र काढायला. पण आवडीच्या वाटेने शिकवल्यामुळे शिकणं जास्त होतं, हे सिद्ध झालेलं नाही.

यात फसलेले आपण एकटे नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ब्रिटनमधल्या ९३ टक्के आणि नेदरलँड्समधल्या ९६ टक्के शिक्षकांचा या समजुतीवर विश्वास असल्याचं आढळलं होतं. तेव्हा मराठवाड्यातल्या शाळांच्या एखाद्या केंद्राने लाजून जावं असं काही नाही. पण आता कळलंय, तर पुढच्या घटकसंचात तेच छापून यायचं कारणही उरत नाही.

गार्डनर यांच्या सिद्धांताबद्दलही मानसशास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत. वेगवेगळ्या क्षमतांच्या चाचण्या घेतल्या तर एकीतले गुण दुसरीतल्या गुणांशी बऱ्यापैकी जुळतात, मग त्या स्वतंत्र ‘बुद्धिमत्ता’ कशा, असा जुना आक्षेप आहे. त्या वादात मी पडत नाही. या कल्पनेने आमच्या पेशावर एक उपकार केला हेही खरं. ‘ढ’ हे अक्षर शिक्षकखोलीतून हद्दपार व्हायला तिची मदत झाली. गाणारं, नकला करणारं, शेरडं ओळखणारं पोर बिनडोक नसतं, हे म्हणायला आम्हाला एका हार्वर्डवाल्याचा आधार मिळाला. पण उपकार तिथे संपतो. ‘ढ’च्या जागी ‘कृतिशील’ लिहिलं म्हणून मूल वाचायला शिकत नाही.

तालुक्याच्या गावी तर याचा धंदाच झाला आहे. बोटांचे ठसे घेऊन मुलाची ‘जन्मजात बुद्धिमत्ता’ आणि ‘शैली’ सांगणारे अहवाल पालकांना हजारो रुपयांना विकले जातात. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात असतानाच ठरतात आणि पुढे बदलत नाहीत. मूल मात्र रोज बदलतं. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही. पण पानोपानी रंगीत आलेख असतात, आठ बुद्धिमत्तांची तीच नावं असतात आणि आई-वडिलांना वाटतं, हे तर सरकारी प्रशिक्षणातही शिकवतात! अहवाल घरी जन्मपत्रिकेसारखा जपून ठेवला जातो. आपण प्रशिक्षणात तीच भाषा वापरतो तेव्हा नकळत या दुकानांवर आपला शिक्का मारतो.

आता वर्गात येऊ, कारण माझा खरा मुद्दा तिथला आहे.

दुसरीच्या मुलांना श्रुतलेखनात मी संख्या सांगते. ‘त्रेपन्न’ म्हटलं की निम्म्या पाट्यांवर ३५ दिसतात. ‘बेचाळीस’ला २४. ‘एकोणसत्तर’ला कुणी ७९ लिहितं, कुणी ६१. प्रपत्र हातात असेल तर निदान सोपं आहे: ऐकून चुकतात, म्हणजे ही मुलं श्राव्य नाहीत, दृक असणार, त्यांना संख्याकार्डं दाखवा. मुलं संख्याकार्डं दाखवल्यावर बरोबर वाचायला लागतात, निदान पक्कं झाल्यासारखं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी त्रेपन्न सांगितलं की पाटीवर पुन्हा ३५.

अडचण मुलाच्या कानात नाही, मराठी संख्यानामांत आहे. ‘त्रेपन्न’ ऐकताना तीन आधी कानावर पडतात, पन्नास नंतर. लिहिताना मात्र पाच आधी यायला हवेत. मूल ऐकलं त्या क्रमाने लिहितं, म्हणजे ते अगदी लक्ष देऊन ऐकत असतं! ‘एकोणसत्तर’मध्ये तर सत्तर ऐकून सहा लिहायचे असतात. एवढं करून ९९ ला ‘एकोणशंभर’ म्हणायचं नाही, तिथे नियमच बदलतो. कन्नडमध्ये एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, वीस आधी, एक नंतर. त्यामुळे सीमाभागातल्या मुलाला कन्नडमध्ये ही अडचण येत नाही. तेच मूल, तेच कान.

हे आपल्याला नवीन नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशा पद्धतीचं संख्यावाचन पारंपरिक नावांच्या सोबतीने आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. विधिमंडळातही विनोद झाले. गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या समितीचं त्यामागचं म्हणणं साधं होतं: संख्यानामांतल्या या उलटसुलट क्रमामुळे आणि जोडाक्षरांमुळे लहान मुलं गणिताला घाबरतात, त्यांना सुरुवातीला एक सोपी पायरी द्या. तो उपाय पटो न पटो, त्यामागचं निदान योग्य जागी होतं. त्यांनी आशयात खोट कुठे आहे ते शोधलं. मुलांना तीन प्रकारांत वाटलं नाही.

माझ्या वर्गात यावर जे चालतं ते सांगते. आमच्याकडची बरीच मुलं ऊसतोड कामगारांची. मोळी म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही. दहा काड्यांची मोळी बांधायची, उरलेल्या सुट्या ठेवायच्या. त्रेपन्न म्हटलं की आधी मोळ्या उचलायच्या, मग सुट्या. तोंडाने ‘पन्नास आणि तीन, त्रेपन्न’ म्हणायचं, मग लिहायचं, मग मणीमाळेवर त्या मण्यापाशी चिमटा लावायचा. यात पाहणं आलं, ऐकणं आलं, हाताने करणं आलं, लिहिणं आलं. आणि हे सगळं सगळ्यांसाठी. मोळ्या ‘कृतिशील’ रकान्यातल्यांना आणि कार्डं ‘दृक’ रकान्यातल्यांना असं वाटून दिलं असतं, तर कुणालाच पूर्ण गोष्ट मिळाली नसती.

म्हणजे अध्यापन बदलायचं ते कशावरून? आधी आशयावरून. नकाशा पाहावाच लागतो. मूल कितीही ‘श्राव्य’ असलं तरी जिल्ह्याच्या सीमा ऐकून कळत नाहीत. कवितेची चाल कानावर पडावी लागते. हरभरा रुजताना पाहायचा असेल तर तो ओल्या फडक्यात ठेवावाच लागतो, ‘भाषिक’ मुलानेही. अपूर्णांकाला भाकरी मोडून दाखवावी लागते, पण तिथेच थांबलं तर तीन पंचमांश मोठा की दोन तृतीयांश हे भाकरीवरून ठरवताना भांडणं होतात, तिथे पट्ट्या आणि मग आकडेच लागतात. शब्दासोबत चित्र आलं की बहुतेक सगळ्यांनाच लक्षात ठेवायला सोपं जातं, त्यासाठी ‘दृक’ असावं लागत नाही. कुठला आशय कुठल्या मार्गाने उघडतो, कुठे अडतो, कोणत्या चुका ठरून होतात, हे विषयागणिक, घटकागणिक शिकण्यासारखं ज्ञान आहे. सगळ्या प्रशिक्षणात त्याला मिळून एक तास मिळतो.

आता जी गोष्ट लिहायला जड जाते तिकडे वळते. ‘कृतिशील’ या रकान्यात कुणाची नावं जातात?

तुम्ही राज्यभरातली भरलेली प्रपत्रं कधी एकत्र ठेवून पाहिली तर मला नवल वाटणार नाही असं काहीतरी दिसेल. आमच्या सभागृहात शेजारच्या टेबलांवर जे ऐकू येत होतं ते असं: ‘ही आमची पारध्यांची पोरं, यांना कृतिशीलच लिहा.’ ‘तांड्यावरची आहेत, नाचगाण्यात पुढे, सांगीतिक.’ ‘वकिलांचा मुलगा, भाषिक.’ बोलणारे दुष्ट नव्हते. त्यांना वाटत होतं, आपण या मुलांचं कौतुक करतोय. पण ज्याला वाचायला येत नाही त्याला ‘हाताने शिकणारा’ म्हटलं की त्याला वाचता का येत नाही हा प्रश्नच मिटतो. मग त्याला मातीकाम, कागदकाम, मैदान. आणि ज्याच्या घरी पुस्तकं आहेत त्याला आणखी पुस्तकं. कुणाची बुद्धी हातात आणि कुणाची जिभेवर, हे आपल्या समाजाने फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. ते मोडायला शाळा निघाल्या. आता तीच वाटणी मानसशास्त्राच्या नावाने परत आणायची का?

१८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा अशी मागणी केली. अभ्यासक्रमात काय असावं तेही लिहिलं: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख, आणि शेतीचं प्राथमिक ज्ञानही. शेतकऱ्याच्या मुलाला शेती आवडते, हाताला वळण आहे, तेव्हा त्याला व्याकरण कशाला, असं त्यांनी म्हटलं नाही. दोन्ही मागितलं. याउलट १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा अशी योजना आणली. लोकांनी तिला ‘कुलकल्वी’ म्हणजे जातीच्या धंद्याचं शिक्षण असं नाव ठेवलं, प्रचंड विरोध झाला, पुढच्याच वर्षी राजाजी पायउतार झाले आणि योजना गेली. आपली प्रपत्रं म्हणजे ती योजना नव्हे, हे मला कळतं. पण चांगल्या हेतूने त्याच वळणावर कसं पोहोचता येतं हे कळण्यासाठी ती आठवण उपयोगी आहे.

मुलांच्या वेगळेपणाला धरून शाळा बदलणं म्हणजे काय, याचा धडा तर आपल्याकडेच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मॉन्टेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर शंख, शिंपले, बिया, पानं, खडे यांतून तीच साधनं उभी केली. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. यात वारली मुलांची ‘शैली’ कुणी तपासली नव्हती. मुलं कुठे असतात, दिवसभर काय करतात, त्यांच्या हाताशी काय असतं, एवढं पाहिलं आणि शाळा बदलली. शिकवायचं काय, ते मात्र कमी केलं नाही. साधन बदलणं आणि अपेक्षा कमी करणं यांतला हा फरक एखाद्या घटकसंचात आला तर मी तो फ्रेम करून लावीन.

मग मुलामुलांत फरक करायचाच नाही का? करायचा. पण कशावरून, तर ते मूल आत्ता कुठे आहे यावरून.

दिवाळी झाली की आमच्या गावातून टोळ्या निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायको दोघंही जातात. आजी-आजोबा असतील किंवा हंगामी वसतिगृह सुरू झालं असेल तर मुलं राहतात, नाहीतर तीही कारखान्याच्या अड्ड्यावर. परत येतात ती मार्च-एप्रिलमध्ये, काही मेमध्ये. अशी दोन वर्षं गेली की चौथीच्या पटावर असलेल्या मुलाचं वाचन पहिलीच्या शेवटाला थांबलेलं असतं. त्याच बाकावर बसलेली, गावातच राहिलेली मुलगी गोष्टीची पुस्तकं वाचून संपवते. या दोघांत फरक दृक-श्राव्याचा नाही, अडीच वर्षांच्या शाळेचा आहे. (बरं, तोच मुलगा एका खेपेला किती टन, टनाला काय दर आणि उचलीतले किती फिटले हा हिशोब तोंडी सांगतो. म्हणून त्याला तार्किक-गणिती रकान्यात टाकायचं? त्याला कागदावरची वजाबाकी येत नाही. हातचा घेताना चुकतो. तो हिशोब आणि ती वजाबाकी यांची गाठ घालून देणं हे माझं काम आहे.)

मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर २०२४’ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २३.४ टक्के होती. दोन वर्षांपूर्वीच्या १६.३ टक्क्यांपेक्षा हे बरं आहे, पण तरी चारांतली तीन मुलं मागे. म्हणजे तिसरीचं पुस्तक उघडून शिकवणारी शिक्षिका, तिने आठही बुद्धिमत्ता कोळून प्यायलेल्या असल्या तरी, वर्गातल्या बहुसंख्य मुलांच्या डोक्यावरून बोलत असते.

यावर जो उपाय तपासून पाहिलेला आहे तो आपल्याच राज्यातून निघालेला आहे, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं आणि तो प्रशिक्षणात कडेला राहतो याचं दुःख. मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांमध्ये ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने बालसखी कार्यक्रम चालवला. वस्तीतलीच शिकलेली तरुण मुलगी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोनेक तास वेगळं घेऊन बसायची आणि वर्गाच्या पुस्तकाऐवजी त्यांना जे येत नाही तिथपासून सुरुवात करायची: अक्षरं, साधे शब्द, बेरीज. २००१ ते २००३ या काळात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही शाळांत एका इयत्तेला आणि काही शाळांत दुसऱ्या इयत्तेला बालसखी देऊन याची रीतसर तुलना केली. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. पुढे ‘पातळीनुसार अध्यापन’ या नावाने हीच कल्पना अनेक राज्यांत आणि आफ्रिकेतल्या देशांतही गेली. २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमागे अशाच प्रयोगांचं काम होतं.

वरवर पाहता हेही मुलांचे गट पाडणंच आहे. पण हा गट तात्पुरता असतो. ‘शब्द वाचतो, वाक्य अडखळतो’ ही नोंद महिन्याभराने खोटी ठरावी यासाठीच केलेली असते. ‘कृतिशील’ ही नोंद पहिलीत झाली की संचयी नोंदपत्रकातून पाचवीपर्यंत त्याच मुलाच्या मागे चालत राहते, आणि ती खोटी ठरवायची काही सोयच नसते. एक धोका इथेही आहे, तो लपवत नाही. महिन्याने फेरतपासणी झाली नाही तर पातळीचा गटही ‘मागची पोरं’ बनतो. तेव्हा फेरतपासणीसाठी वेळ हवा, आणि तो मागायला मी पुढे येतेच आहे.

त्याआधी रकान्याचा आणखी एक तोटा, जो मला सर्वांत घातक वाटतो. फळ्यावरचं उतरवून घेताना चुकणारं मूल ‘श्राव्य’ नसून त्याला चष्मा लागलेला असू शकतो. सांगितलेलं न करणाऱ्या मुलाचा कान वाहत असू शकतो. चौथीतही ‘क’ आणि ‘फ’ची गल्लत करणारं, वाचताना ओळ सोडणारं, तोंडी मात्र फाडफाड उत्तरं देणारं मूल अध्ययन अक्षम असू शकतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्थान आहे, अशा मुलांना परीक्षेत सवलती आहेत. पण त्यासाठी कुणीतरी वेळेत ओळखून तपासणीला पाठवावं लागतं. ‘याची शैलीच वेगळी आहे’ असं म्हणून शिक्षकाचं समाधान झालं की ती दोन-तीन मोलाची वर्षं निघून जातात.

आता माझं मागणं. शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक दिले आहेत. दोन शिक्षकांनी पाच इयत्ता, चार विषय, तीन शैली आणि आठ बुद्धिमत्ता यांचा गुणाकार करून रोजचं टाचण काढावं ही अपेक्षा कागदावरच पुरी होते. आम्हीही ती कागदावर पुरी करतो, हे तुम्हाला माहीत आहे आणि तुम्हाला माहीत आहे हे आम्हालाही माहीत आहे. म्हणून रकाने काढून टाका, आणि त्यातून वाचलेला वेळ आमच्या मुलांच्या वह्यांना द्या. प्रशिक्षणाला येताना प्रत्येक शिक्षकाला आपल्या वर्गातल्या दहा वह्या आणायला सांगा. हातच्याच्या वजाबाकीत मुलं किती प्रकारे चुकतात आणि प्रत्येक चुकीमागे मूल काय विचार करत असतं, हे दिवसभर आम्ही टेबलाटेबलावर बसून शोधू. सुलभकांनी उत्तरं आणायची गरज नाही. जोडाक्षरांवर असा एक दिवस, अपूर्णांकांवर एक दिवस, उताऱ्यावरच्या ‘का’ आणि ‘कसे’ या प्रश्नांवर एक दिवस. माझ्या मते हेच भिन्नतेला धरून शिकवण्याचं प्रशिक्षण. त्यात फुलाचं चित्र नसलं तरी चालेल.

रोजच्या दोन तासिका इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे बसवायची मुभा लेखी द्या. तोंडी मुभा आजही आहे, पण भेटीला आलेले अधिकारी ‘चौथीची मुलं दुसरीत का बसली आहेत’ असं विचारतात तेव्हा तोंडी मुभा कामाला येत नाही. महिन्याच्या फेरतपासणीसाठी एक अर्धा दिवस मोकळा द्या, त्या दिवशी कुठलीही ऑनलाइन माहिती मागू नका. मुलामागे एक ओळ पुरेल: काय येतं, कुठे अडतं, पुढच्या महिन्यात काय करणार. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींत ‘उत्साही आहे’, ‘सहभाग घेतो’ अशी वाक्यं लिहून लिहून आमचे हात दुखले, त्यांच्या जागी ही एक ओळ चालवून घ्या.

आणि गार्डनर यांचं सत्र ठेवायचंच असेल तर जरूर ठेवा, मला ते आवडतं. फक्त सुलभकांच्या पुस्तिकेत त्यांची ती तिसरी सूचनाही छापा, आणि एक प्रश्न चर्चेला द्या: ज्या मुलाला आपण ‘शारीरिक बुद्धिमत्ता’ म्हणून मैदानावर पाठवतो, त्याला पाचवी सोडताना वर्तमानपत्र वाचता येणार आहे का, आणि नसेल तर ते शिकवायची जबाबदारी कुणाची?

पुढच्या घटकसंचाचा मसुदा तयार झाला की छापण्याआधी आमच्यासारख्या पाच-सहा शाळांना पाठवा. आमच्या केंद्रातले काही शिक्षक तो वाचून, वर्गात करून पाहून लेखी अभिप्राय द्यायला तयार आहेत, मी विचारून घेतलं आहे. शक्यतो दिवाळीच्या आधी पाठवा. नंतर पट निम्मा होतो, आणि ज्यांच्यावर तो करून पाहायला हवा ती मुलं तोवर कारखान्यावर गेलेली असतात.

आपली,
मराठवाड्यातील एका द्विशिक्षकी शाळेची शिक्षिका